दादाचा सोडा

वहिनीचा फोन आला तेव्हा मी लातुरात जेवायला बसले होते. "ताई, ह्यांचा दम कोंडून राहिलाय. देगलूरहून नांदेडला नेऊन राहिलो." मागून दादाचा आवाज... आवाज कसला, नुसती घुसमट! ताट तसंच टाकून मी निघाले.

दवाखान्यात दादा खाटेवर लाथा झाडत होता. ओठ काळेनिळे, डोळे बाहेर आलेले. धरायला आलेल्या ब्रदरला त्यानं अशी मुस्कटात दिली की तो भिंतीवर आदळला. मारकुटा तर तो लहानपणापासूनच! शाळेत माझी वेणी ओढणाऱ्या पोराला त्यानं रक्त येईस्तोवर बडवलं होतं. पुढं उसाचा ट्रक चालवायला लागला. निलंग्याजवळ ट्रक झाडावर धडकला, स्टेअरिंग पोटात घुसलं, बरगड्या मोडल्या. "हाडं हायत, जुळतील," म्हणाला अन् हळद लावून पडून राहिला. ट्रक सुटला, तेव्हा देगलूरच्या बसस्टँडबाहेर गोटीसोड्याचा गाडा टाकला. मग पोटभर जेवला की दम लागायचा. "गॅस हाय, दुसरं काय!" म्हणत छातीवर बुक्की मारायचा अन् आपलीच बाटली रिचवायचा. अख्ख्या बसस्टँडचा गॅस सोड्यानं काढणारा माणूस, स्वतःला वेगळं काय देणार? त्या दिवशीही शेजारच्या लग्नात मटणावर ताव मारला, दम लागला, अन् घरी वहिनीनं बाटलीमागून बाटली पाजली.

"छातीला, पोटाला कधी मार लागला होता का?" डॉक्टर ओरडून विचारत होते. वहिनी मान हलवून नाही म्हणाली. अपघात लग्नाआधीचा, त्यानं तिला सांगितलाच नव्हता. "लागला होता! स्टेअरिंग!" मी किंचाळले. छाती अन् पोटामधला पडदा तेव्हाच फाटला होता म्हणे. त्या भगदाडातून जठर छातीत चढलं होतं, हवेनं टम्म फुगून फुफ्फुस दाबत होतं. नाकातून नळी घातली तसा त्याला जरा श्वास मिळाला. त्यानं माझं मनगट आवळलं, काळंनिळं होईस्तोवर... ऑपरेशनला नेला तो परत आलाच नाही.

दादाच्या जलदानविधीच्या दिवशी मामा सगळ्यांदेखत म्हणाला, "हिनंच सोडा पाजून मारलं." माझं डोकंच फिरलं. हातात आली ती बाटली त्याच्या पायाशी फोडली. "मामा, परत बोललास तर टाळक्यात घालीन!" डॉक्टरांनी स्वतः सांगितलं होतं, मूळ दुखणं जुन्या माराचं. पण वहिनी खाली बघत काचा वेचत राहिली. तिला मामाचंच खरं वाटलं होतं, अन् त्याचाच मला जास्त संताप आला.

परवा गाड्यावर गेले. आता तो वहिनीच चालवते. एक ट्रकवाला छाती चोळत आला. "वहिनी, लई गॅस झालाय, सोडा द्या." तिनं दादासारखीच बाटली उचलली, गोटीवर अंगठा ठेवला, अन् थांबली.

"आधी सांगा भाऊ, छातीला, पोटाला कधी मार लागला होता का?"

तो हसला. सगळेच हसतात म्हणे. उत्तर मिळाल्याशिवाय वहिनी गोटी दाबत नाही.