न जळालेला ट्रान्सफॉर्मर

धुळ्यात एक रेडिओ दुरुस्त करणारा माझ्या ओळखीचा होता. बोलणं फार गोड. गिऱ्हाईक कोणीही असो, 'अक्का' नाहीतर 'नाना' म्हणत आधी स्टूल पुसून द्यायचा. ट्रान्सफॉर्मर तपासताना मीटरचं तोंड मात्र कायम स्वतःकडे ठेवायचा. सुई सरकली तर आतली तार शाबूत, हे त्यानेच एकदा मला सांगितलं होतं.

एका दुपारी शिंदखेड्याकडची एक म्हातारी रेडिओ घेऊन आली. नवरा अंथरुणाला खिळलेला, त्याला दिवसभर तेवढीच सोबत. याने आतला छोटा ट्रान्सफॉर्मर सोडवून मीटरच्या वायरी लावल्या. मी मागेच उभा होतो. सुई चांगली सरकली. तरी मान हलवत तो म्हणाला, "अक्का, ट्रान्सफॉर्मर जळाला. नवा टाकावा लागेल."

म्हातारी पदराची गाठ सोडू लागली. माझं डोकंच फिरलं.

"सुई सरकली की. मी पाहिली," मी म्हणालो. "अक्कांनाही दाखवा."

तो जरासुद्धा ओशाळला नाही. मीटर बाजूला सारून त्याने ट्रान्सफॉर्मर परत बसवला, पिनेजवळ तुटलेली वायर जोडली आणि रेडिओ लावला. गाणं सुरू झालं. "अक्का, तुमच्यासाठी जुन्यातच जीव आणला बघा," तो हसत म्हणाला.

म्हातारीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "देव तुनं भलं करो, भाऊ." मग माझ्याकडे वळून रागाने म्हणाली, "आन् तू कसाले भांडस त्यानासंगे?"