यजमान पेशी आणि बाजूचा समीर

मित्रांनो, दुपारी जेवणाच्या सुट्टीत घरी व्हिडिओ कॉल लावला, तेव्हापासून डोकं फिरलंय.

मी सुरतेला लूमवर, म्हणजे कापड विणायच्या यंत्रमागावर असतो, घर भिवंडीत निजामपुऱ्यात. बहीण पायल सातवीला आहे. मी सातवीतच शाळा सोडली. उद्या तिची विज्ञानाची परीक्षा. बोललो, "विचार काय अडलंय ते."

"दादा, तुला न्हाय येनार. समीरदादा शिकवतोय."

समीर म्हणजे बाजूचा कॉलेजवाला. आमच्या खाटेवर बसून माझ्याच कपात चहा पीत होता! पुस्तकातून वाचून दाखवत होता की विषाणू म्हणजे प्रथिनांच्या कवचातली जनुकीय माहिती, तो एकटा वाढत नाही, यजमान पेशीत शिरून स्वतःच्या प्रती बनवून घेतो. पायलच्या डोक्यावरून जात होतं.

मला राहवलं नाही. "पायल, विषाणूकडे स्वतःचा लूम नसतो गं. नुसतं काय विणायचं ते सांगणारं डिझाइनचं कार्ड असतं आणि वरून प्रथिनांचं कवच. तो दुसऱ्याच्या लूमला आपलं कार्ड लावतो, मग तो लूम त्याचाच माल विणत बसतो. तो लूम म्हणजे यजमान पेशी."

"हां, आत्ता समजलं!" पायल ओरडली. माझी छाती फुगली. तेवढ्यात ती वळून विचारते, "समीरदादा, दादाचं बरोबर हाय का?"

"एकदम बरोबर," तो घोट घेत बोलला. "भाई, ये तो मैं भी क्लास में बताऊँगा."

उत्तर माझं, आणि बरोबरची खूण त्याची! संध्याकाळपर्यंत लूमवर माझं लक्षच लागलं नाही.

लांब कामाला असणाऱ्यांनो, खरं सांगा. घरी तुमच्या कपात आता कोण चहा पितंय?