सहा फ्रॉक शिवले, घर कुणी दिलं नाही

मंडळी, आज सकाळी आमच्या समाजाच्या मंदिरात बालकल्याण खात्याच्या मॅडम सात वर्षांच्या एका मुलीला घेऊन आल्या. मुलगी आपल्याच समाजातली. वडील आधीच गेले, आता आईही गेली.

"दत्तक घ्या म्हणत नाही. नातेवाईक सापडेपर्यंत कुणीतरी घरी ठेवा," मॅडम म्हणाल्या.

मग आमच्या अध्यक्षांच्या कानडी बायको म्हणाल्या, "अय्यो, पोरीच्या अंगावर धड कपडे नाहीत, अल्वा? नाहीत ना?" आम्ही पडलो शिंपी. लगेच टेप निघाली.

माप मीच घेतलं. पोरगी हात पसरून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "मावशी, मी तुमच्याकडे येणार?"

मी म्हटलं, "हलू नको."

दुपारपर्यंत सहा फ्रॉक तयार झाले. मॅडमनी पिशवी घेतली, पोरीला रिक्षात बसवलं आणि बालगृहात परत नेलं.

तेव्हापासून नुसती बसलेय. रडूसुद्धा येत नाही.

वाढतं अंग म्हणून सवयीने प्रत्येक फ्रॉकला खाली दोन इंच कापड आत दुमडलंय. ती उंच झाली की ते उसवून घ्यायला तिने कुणाच्या घरी जायचं, सांगा?