बटणांवर चिकटवलेली अक्षरं

वहिनीचा फोन आला तेव्हा मी दिवसाच्या कामांची यादी करत होते. चौथं काम लिहिलं होतं, 'दादाला फोन. आईची गोष्ट छापून मागणे.' वहिनी एवढंच म्हणाली, "सुमनताई, हे उठतच नाहीयेत..." मी बदलापूरहून अंबरनाथला पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेलेही होते.

यशवंतदादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, कारखान्यात फिटर. हाती आलेली वस्तू उघडून पाहिल्याशिवाय वापरायची नाही, हा त्याचा नेम. चार वर्षांपूर्वी त्याने उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या लछमनभाईंच्या दुकानातून एक जुना लॅपटॉप आणला. कशासाठी, तर आई सांगेल ते मराठीत लिहून ठेवायला. आमची आई, गिरजाबाई, काडेपेटीच्या कारखान्यात राबली. सहीपलीकडे तिला लिहिता येत नव्हतं, पण बोलायला लागली की चाळ गोळा व्हायची. लॅपटॉपमध्ये कंपनीने घालून दिलेल्या सिस्टीमवर दादाला हवी तशी मराठी उमटेना, जोडाक्षरं फुटायची. मग एका मासिकाबरोबर मिळालेल्या सीडीवरून त्याने ती सिस्टीम काढून लिनक्स ही दुसरी सिस्टीम चढवली. लछमनभाईंनी कपाळाला हात लावला. "साईं, कंपनी का माल है, उसमें दूसरा क्यूँ डालते हो? मशीन रूठ जाएगी." मशीन रुसलीच. लॅपटॉपचा आवाज बंद झाला तो कायमचा. दादाला त्याचं काही नव्हतं. "मुका आहे, पण मराठी शिकला," असं तो आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचा.

मी लछमनभाईंच्या बाजूची. "ज्यांनी बनवलं त्यांना कळत नाही आणि तुलाच तेवढं कळतं?" असं एकदा त्याला सुनावलं. हातातला स्क्रूड्रायव्हर खाली न ठेवता तो म्हणाला, "सुमे, छपन्न साली धम्मदीक्षा घेताना आजोबांनी हाच विचार केला असता तर? बनवणाऱ्यांनी आपल्यासाठीपण एक सिस्टीम घालूनच दिली होती की." आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि ती काढल्यावर आपला आवाज बंद नाही झाला रे, उलट फुटला." मी चहा टाकायला उठले.

बटणांवर इंग्रजी अक्षरं होती. दादाने जुन्या लग्नपत्रिकांमधली मराठी अक्षरं कापून त्यांच्यावर डिंकाने चिकटवली. कुठे जाड 'क', कुठे सोनेरी 'ज'. मग आईला समोर बसवून एका बोटाने टाइप करायचा. मी शाळेच्या कार्यालयात बावीस वर्षं टायपिंग करते, बटणांकडे बघत नाही. त्यावरून तो मला चिडवायचा, "तू लिहीत नाहीस, बडवतेस. खाली बघ जरा." आई दोन वर्षांपूर्वी गेली. तिचं सगळं सांगणं त्या एका लॅपटॉपमध्ये होतं. छापून ठेव, म्हणून मी दर महिन्याला मागे लागायचे. "शुद्धलेखन तपासून होऊ दे," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

दादाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि आम्ही लॅपटॉप उघडला. त्याने पासवर्ड मागितला. वहिनीला ठाऊक नव्हता. मी सवयीने यादी केली. आईचं नाव, गावाचं नाव, मुलांची नावं, दादाचा कारखान्यातला नंबर... सतरा शब्द झाले. सतराही टाइप केले. एकही लागला नाही. शेवटी लॅपटॉप लछमनभाईंकडे नेला. दादाचं कळल्यावर त्यांनी मला बसायला स्टूल पुढे केलं. मग म्हणाले, "बहनजी, फॉर्मेट मार देता हूँ. कंपनी का ओरिजिनल डाल दूँगा, एकदम नया." फॉर्मेट म्हणजे आतलं सगळं पुसणं. दादाने काढून टाकलेलं परत येणार आणि आई जाणार. मी नको म्हटलं आणि लॅपटॉप उचलला.

तेवढ्यात लछमनभाईंनी हाक मारली. "बहनजी, आपका अक्षर गिर गया." काउंटरवर एक 'ग' पडला होता. तो जागेवर ठेवायला खाली पाहिलं, तर खालच्या बटणावर इंग्रजी 'जी' नव्हता, 'आय' होता. इतके दिवस मी गिरजा हे नाव इंग्रजी स्पेलिंगने, न बघता बडवत होते. दादा तर चिकटवलेली अक्षरं बघून टाइप करायचा. त्याच काउंटरवर मी एका बोटाने, शोधत शोधत, ग, वेलांटी, र, ज, काना अशी बटणं दाबली. लॅपटॉपला ती पाच इंग्रजी अक्षरं दिसली असतील, ज्यांचा काही अर्थ होत नाही. त्याला तेवढी पुरली. लॅपटॉप उघडला. माझ्या यादीतलं पहिलंच नाव बरोबर होतं. फक्त मी ते दादाच्या अक्षरांत लिहिलं नव्हतं.

आईची गोष्ट एक्केचाळीस पानांची निघाली. आई बोलेल ते सगळंच दादाने उतरवलंय. अकराव्या पानावर मध्येच आहे, "थांब आई, ळ सापडत नाही." आणि त्याखाली, "तुझा ळ सापडेपर्यंत माझा चहा गार झाला, यशवंता."

दोन प्रती छापल्या, एक वहिनीला दिली आणि वहीतल्या चौथ्या कामावर काट मारली. वहिनीने लॅपटॉप माझ्याकडे ठेवायला सांगितलाय. 'ग' मी पुन्हा चिकटवला, जरा तिरका बसला. हा लेख त्याच लॅपटॉपवर, खाली बघत, एका बोटाने लिहिलाय. चार दिवस लागले. ळ मलाही लवकर सापडला नाही.