सीडी फिरते, आवाज नाही

लोक खिशाला पेन लावतात तसा माझे सासरे टेस्टर लावून फिरत. पिवळ्या दांडीचा, आत इवलासा दिवा असलेला स्क्रू ड्रायव्हर. तो तारेला टेकवायचा. दिवा लागला तर वायर जिवंत, नाही लागला तर मेलेली, काढून टाका. अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला त्यांनी उभी नोकरी काढली आणि निवृत्त झाल्यावर हा निकष घरी घेऊन आले. माणसांनाही ते तोच लावत. त्यांच्या हिशेबी मी कुठल्या वायरीत मोडते, हे मला लग्नानंतर लगेच कळलं.

ते मूळचे नांदगावकडचे, मी चांदवडची. माझ्या माहेरी कांदा पिकतो, एवढ्या भांडवलावर त्यांनी मला कितीतरी वर्षं ‘कांद्याच्या चाळीतली’ म्हणून हिणवलं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. सिडकोतल्या त्या घरात आम्ही तिघंच: हे, मी आणि सासरे. मी त्यांना दादा म्हणत असे, कारण सगळे म्हणत. आपुलकीने म्हटलेलं मला एकदाही आठवत नाही.

मी गात असे. मला पाहायला आले तेव्हा गाणं म्हणून दाखवायला लावलं होतं. तेव्हा दादांनी मान डोलावली होती, पोह्यांची दुसरी बशी घेतली होती आणि ‘गाणं चालू ठेवू द्या पोरीला’ असंही म्हणाले होते. लग्नानंतर मी तोंड उघडलं की ते काही बोलत नसत. उठत आणि पंखा पाचावर करत. आमचा छताचा पंखा पाचावर गेला की असा खडखडायचा की शेजारच्यांशीही ओरडून बोलावं लागे. थंडीतही ते हेच करत, आणि वर शाल पांघरून बसत.

दोन हजार सालच्या आसपास घरात कॉम्प्युटर आला. ह्यांना ऑफिसात बढतीसाठी शिकायचा होता. टेबल ठेवायला जागा हवी म्हणून माझा टू-इन-वन ह्यांनी ऑफिसातल्या कुणाला तरी देऊन टाकला. मला न विचारता. ‘आता कॅसेट कोण ऐकतं? सगळं सीडीवर आलंय. हा बघ, ह्यात सीडी पण वाजते,’ असं म्हणाले. खरंच वाजली. मी गप्प बसले, कारण आवाज टेपपेक्षा चांगला होता.

इंदिरानगरमध्ये एक बाई गाण्याचा क्लास घेत. मी आठवड्यातून एकदा जाई. त्या वर्षी त्यांनी दिवाळी पहाटेचा कार्यक्रम घ्यायचं ठरवलं. वादक जमवणं त्यांना झेपणारं नव्हतं, म्हणून गाणी ट्रॅकवर होणार होती. ट्रॅक म्हणजे गाण्याची नुसती साथ. पेटी, तबला, बासरी, सगळं असतं. फक्त गाणाऱ्याचा आवाज नसतो, तिथे आपण गायचं. बाकीच्या बायका समूहात होत्या. एक गाणं बाईंनी मला एकटीला दिलं. माझ्या हातात सीडी ठेवून म्हणाल्या, ‘रोज ह्याच्याबरोबर म्हण. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही.’ लग्नानंतर पहिल्यांदा कुणीतरी मला काहीतरी एकटीचं दिलं होतं. ते गाणं मला हवं होतं. लहान मुलाला हवं असतं तसं हवं होतं.

नवरात्रात मी घरी ती सीडी लावून दोन-चारदा म्हटलं. स्पीकर खणखणीत वाजत होते. दादांनी पंखा पाचावर केला, मी आवाज वाढवला. नवमीला माहेरी देवीला नेहमी जाते तशी मी चांदवडला गेले, ती दसऱ्याला संध्याकाळी परतले.

दारावर झेंडूचं घसघशीत तोरण होतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर हळदीकुंकवाची बोटं, माऊसला फूल, कीबोर्डावर आपट्याची पानं. खंडेनवमीला कारखान्यात सगळी मशिनं खोलतात, साफ करतात, तेलपाणी करतात आणि मग पूजतात. दादांनी घरच्या मशिनालाही तोच मान दिला होता. ‘आतनं-बाहेरनं लख्ख केला,’ ते अभिमानाने म्हणाले. ‘काय धूळ व्हती! तुमच्यानं होत नाय हे काम.’ ह्यांनी कौतुकाने मान हलवली. ते दिवसभर ऑफिसच्या पूजेला होते, त्यांनीही काही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सीडी लावली. चाकती घूं करून फिरायला लागली. पडद्यावरचे सेकंद पळायला लागले. आवाज नाही.

आधी मी स्पीकरचं बटण पाहिलं. चालू होतं. मागची हिरवी पिन काढून घातली. पडद्याच्या कोपऱ्यातलं स्पीकरचं चित्र उघडलं, कुठे आवाज बंदची खूण आहे का पाहिलं. नव्हती. सगळ्या पट्ट्या वर सरकवल्या. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तर सुरू होतानाची त्याची ती धून छान वाजली. म्हणजे स्पीकर ठीक. आमच्या लग्नाची व्हीसीडी लावली, तर बँडही वाजला आणि गुरुजीही ऐकू आले. मग दुसरी गाण्यांची सीडी लावली. मुकी. परत बाईंची लावली. मुकी. म्हणजे लग्न ऐकू येत होतं, गाणं येत नव्हतं. इतर वेळी मला हसू आलं असतं. त्या दिवशी मी चाकती साडीच्या पदराने पुसून पुसून रडकुंडीला आले.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. ह्यांनी मी केलं तेच सगळं पुन्हा केलं, मी करून पाहिलंय असं सांगत असताना. मग दादा खुर्चीवरून बोलले, ‘ओल्या फडक्यानं पुसत असंल ती. गेलं पाणी आत.’

‘मी ओलं फडकं कधीच लावलेलं नाही,’ मी म्हटलं. ‘तुम्ही आतून साफ केलात ना नवमीला?’

‘आतनं कोण म्हणलं? वरवर पुसला मी.’

काल आतनं-बाहेरनं होतं, आज वरवर झालं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी सीडीच्या डबीवरची नावं वाचायला घेतली. ह्यांची ही सवय मला पुढे पाठ झाली. भांडणाच्या वेळी जे काही छापील हाताशी असेल ते वाचायचं.

मी बाईंकडे कॅसेट मागितली. ट्रॅक सीडीवरच आलेत, म्हणाल्या. शेजाऱ्यांकडे सीडी प्लेअर होता, तिथे जाऊन म्हणते म्हटलं तर दादा म्हणाले, ‘आता लोकांच्या घरी गात फिरायचं ऱ्हायलंय.’ ह्यांनी डबी वाचली.

दुकानाचा माणूस बरेच फोन केल्यावर उगवला. दिवाळीची गर्दी, तोंडावर वैताग. त्याने कॉम्प्युटरचा डबा वळवला आणि पहिलं वाक्य बोलला, ‘वॉरंटी गेली. स्टिकर फाडलंय.’ मग झाकण काढलं, बॅटरी मारली आणि म्हणाला, ‘ऑडिओ केबल कुठंय?’

मी विचारलं, ती काय असते. त्याने बोटाने दाखवलं. सीडीच्या ड्राइव्हच्या पाठीमागे इथे चार पिना, खाली साउंड कार्डावर इथे चार. मधे एक पातळ वायर असते, वीतभर लांब, दोन्ही टोकांना पांढरा प्लग. गाण्याच्या सीडीचा आवाज तिच्यातून येतो, बाकीच्या गोष्टींचा नाही. ‘कोणी काढली?’ त्याने विचारलं. दारालगतच्या वेताच्या खुर्चीत दादा पेपर उघडून बसले होते. त्यांनी पान उलटलं.

‘नवीन मिळेल?’ मी विचारलं.

‘सुटी नसते आमच्याकडे. मागवावी लागेल. दिवाळीनंतर बघू.’ मग त्याने खिशातला इअरफोन काढून ड्राइव्हच्या तोंडाशी असलेल्या भोकात घातला आणि माझ्या हातात दिला. कानात बासरी वाजत होती. ‘ड्राइव्ह चांगली आहे. तोवर असं ऐका,’ म्हणाला आणि गेला. तो बरोबर बोलला, पण माझ्यासाठी एक मिनिट जास्त थांबला नाही. स्पीकरची पिन त्या पुढच्या भोकापर्यंत पोचत नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी मी मेन रोडवरून इअरफोन आणला.

मग मी टेबलाशी उभी राहून, दोन्ही कान बंद करून गायला लागले. साथ फक्त मला ऐकू येई. घराला ऐकू येई तो माझा उघडा आवाज, मधेच थांबणारा, मधेच सुरू होणारा. दादांना पंखासुद्धा लावावा लागला नाही. पाहुणे आले की ते डोक्याजवळ बोट फिरवून माझ्याकडे दाखवत. ‘एकलीच बरळती,’ म्हणत. मी पाठमोरी असे, पण कॉम्प्युटरच्या काचेत मला सगळं दिसे.

कान बंद करून गाणाऱ्याला स्वतःचा सूर कळत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटच्या तालमीला बाईंनी मोठ्या स्पीकरवर ट्रॅक लावला आणि मी सुरू केलं, तर पहिल्याच ओळीला सगळ्या जणींनी माना वर केल्या. सूर वर चढला होता. पुन्हा घेतलं. पुन्हा चढला. इतके दिवस मी तोच सूर घोटला होता, तो घशात बसला होता. तिसऱ्या वेळी बाईंनी ट्रॅक मधेच थांबवला. ‘घरी म्हटलं नाहीस का गं?’ म्हणाल्या. मी काय सांगणार होते? वायर नाही म्हणून? त्यांनी ते गाणं दुसऱ्या मुलीला दिलं. मला म्हणाल्या, तू मागे समूहात उभी राहा. मी उभी राहिले नाही. चप्पल घातली आणि चालत सिडकोत आले. वाटभर मी एकच शोधत होते, राग नक्की कुणावर धरायचा.

ते धनत्रयोदशीला कळलं. दसऱ्याचं तोरण वाळून तपकिरी झालं होतं. नवीन लावायचं म्हणून सकाळी मी स्टुलावर चढले. उजवीकडच्या खिळ्याला दोरा होता, तो तोडला. डावीकडे दोरा कमी पडला होता. तिथे तोरणाचं टोक एका पातळ वायरीने खिळ्याला गुंडाळलं होतं. लाल, पांढरी, काळी, एकत्र वळलेली. तिची दोन्ही टोकं वाळलेल्या पानांतून खाली लोंबत होती आणि दोन्ही टोकांना पांढरा प्लग होता.

मी ती सोडवून खाली उतरले. दादा तिथेच, त्याच दाराशी, वेताच्या खुर्चीत पेपर उघडून बसले होते. हे चहा पीत होते.

‘दादा, हे काय आहे?’

‘वायर.’

‘कॉम्प्युटरमधली?’

‘असंल. मेलेली व्हती. टेस्टर लावून बघितला मी, करंट नाय तिच्यात. दोरा कमी पडला म्हणून बांधली.’

‘दुकानाचा माणूस आला तेव्हा तुम्ही इथेच बसला होतात. पातळ वायर, दोन्ही टोकांना पांढरा प्लग, असं तो तुमच्यासमोर बोलला. ती तुमच्या डोक्यावर लोंबत होती.’

दादांनी पेपर खाली घेतला नाही. ‘मग काय त्याच्यासमोर स्टुलावर चढून काढून देऊ? माझी शोभा करायची व्हती? येवढं काय हाय त्याच्यात. दिवाळीला निघणारच व्हतं की तोरण.’

म्हणजे त्यांना माहीत होतं. सगळं. मी कान बंद करून उभी असायचे तेव्हा, पाहुण्यांना बोट फिरवून दाखवायचे तेव्हा, तालमीहून मी रडून सुजलेल्या तोंडाने आले तेव्हा. रोज त्या वायरीखालून ते दूध आणायला जात होते.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. घरात वाचायला दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून हे बिस्किटाच्या पुड्याकडे पाहत म्हणाले, ‘जाऊ दे ना आता. सणाचा दिवस आहे.’

मी कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं. स्टिकर फाटलेलंच होतं. त्या माणसाने दाखवलेल्या चार पिना इथे, चार तिथे. वायर बसवली, सीडी घातली आणि दोन्ही स्पीकर पूर्ण उघडले. घरभर पेटी, तबला, बासरी. भिंती हादरत होत्या. समोरच्या घरातली बाई रांगोळी काढता काढता उठून उभी राहिली.

‘बघ, झाला ना चालू!’ दादा ओरडून म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं, जणू त्यांनीच दुरुस्त केला. ‘उगं बोंब चालली व्हती. म्हण की आता!’

गाणं सुरू व्हायची जागा आली. मी तोंड उघडलं नाही. ट्रॅक थांबला नाही, पुढे गेला. मुखडा गेला, अंतरा गेला. माझ्या जागा मोकळ्या पुढे सरकत राहिल्या आणि मी त्या दोघांच्या समोर उभी राहून गप्प होते. संपला तेव्हा मी सीडी डबीत घातली आणि बाईंना परत करायला पिशवीत टाकली.

त्या घरात मी आणखी पुष्कळ वर्षं राहिले, पण गायले नाही. दादांच्या शेवटच्या दुखण्यात त्यांचं सगळं मीच केलं. खाऊ घातलं, अंग पुसलं, गोळ्या दिल्या. त्यात कसर ठेवली नाही, आणि राग आला नाही असंही नाही. एका दुपारी ते पडल्या पडल्या छताकडे बघत म्हणाले, ‘पोरी, तू काय म्हणायचीस ते म्हण ना. लय दिवसांत आवाज नाय ऐकला.’

त्यांनी मला पोरी अशी हाक मारली, तेवढीच त्या आयुष्यात. मी उठले आणि पंखा पाचावर केला.