थोरलीकडून धाकटीकडे, वरच्या रस्त्याने

१५ डिसेंबर २०२४, रविवार. दुपारी साडेबारा वाजता आमची गाडी थोरल्या टेकडीच्या वाहनतळावरून निघाली. प्रकार तिथून सुरू झाला.

माझे वय शहात्तर आहे. बांधकाम खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. डोंगरात रस्ते आखण्यात आयुष्य गेले. आखणीत शेंदूर लावलेले दगड येत, ते मी हलवले. नारळ फोडल्याशिवाय मजूर हात लावत नसत, म्हणून नारळाला परवानगी देत असे; त्यापलीकडे त्या दगडांचा विचार केला नाही. चकवा, बाहेरची बाधा, अंगात येणे – हे विषय मी घरात बोलू देत नाही. या सदरातले अनुभव सूनबाई मोठ्याने वाचू लागल्या की मी उठून अंगणात जातो. आता मीच लिहीत आहे. वाचणाऱ्यांनी उठून जायला माझी हरकत नाही.

जागा अशी. वाशीम जिल्ह्यात, जऊळक्याच्या स्टेशनपासून गाडीने पाऊण तासावर डोंगराच्या एका सोंडेवर दोन टेकड्या समोरासमोर आहेत. गावाचे नाव देत नाही. तिथल्या लोकांचे पोट आता येणाऱ्या-जाणाऱ्यांवर चालते. एका टेकडीवर थोरली देवी, दुसरीवर धाकटी. सख्ख्या बहिणी, भांडून वेगळ्या झालेल्या, असे सांगतात. थोरलीचे दर्शन झाले की तिला पाठ दाखवायची नाही. पायरीपर्यंत उलट्या पावलांनी यायचे. मग खाली गावात उतरायचे, हातपाय धुवायचे आणि दुसऱ्या अंगाने धाकटीवर चढायचे. थोरलीकडून सरळ धाकटीकडे जाणे म्हणजे एकीला पाठ दाखवून दुसरीच्या दारात उभे राहणे. पूर्वी हा प्रश्न येत नव्हता, कारण मधून वाटच नव्हती. आता सोंडेवरून डांबरी रस्ता झाला आहे. कठडे आहेत, दोन ठिकाणी व्ह्यू पॉइंट आहेत. दोन्ही बाजूंना दरी, खाली तुरीची आणि हरभऱ्याची शेते. रस्ता चांगला आहे. उतार, वळणे, सगळे नियमात आहे. मी पाहिले आहे.

गाडीत आम्ही तिघे होतो. चालक गजानन, चाळिशीचा, आमच्या इंझोरीचाच. त्याच्या शेजारी मी. मागे माझा धाकटा भाऊ दिनकर. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, झालेल्या वादानंतर दिनकर आणि मी एकमेकांशी बोलत नाही. त्याला बरीच वर्षे झाली. त्याच्या नातीचे लग्न नुकतेच झाले होते, आणि आमच्या घरात लग्नानंतर दोन ज्येष्ठ पुरुषांनी एकाच दिवशी दोन्ही देवींना नारळ नेण्याची रीत आहे. ज्येष्ठ आम्हीच उरलो आहोत. मी देवीसाठी गेलो नाही. घरातले काम म्हणून गेलो.

थोरलीच्या गाभाऱ्यातून दिनकर उलट्या पावलांनी निघाला. मी सरळ निघालो.

गाडीत बसल्यावर गजाननने विचारले, "साहेब, कोन्त्या रस्त्यानं घेऊ?"

"वरून."

मागून दिनकर म्हणाला, "गजानन, सांग तुया साहेबाले, आपल्या घरचे लोक वरून जात नाहीत."

"त्याले सांग, रस्ता जायासाठीच बांधला हाय."

"इंजिनेर हाय ना तो. देवीलेबी नकाशा दाखवून राह्यला."

"काका, मी डायवर हाय, पोस्टमन नाही," गजानन म्हणाला. "तुमी दोघं एकमेकाइले कागद तरी लिहा."

गाडी वरच्या रस्त्याला लागली.

पहिल्या वळणानंतर डाव्या हाताला, कठड्याच्या लगत, तुरीचे एक शेत आहे. सात-आठ बायका शेंगा तोडत होत्या. सगळ्या आमच्याकडे पाठ करून. मी ते पाहिले. मनावर घेतले नाही. नंतर समोरून एसटी आली. गजाननने गाडी कडेला दाबली आणि बस अंगावरून गेल्यासारखी गेली – वेग कमी केला नाही, हॉर्न दिला नाही. बस भरलेली होती. खिडक्यांमधून फक्त डोक्यांच्या मागच्या बाजू दिसल्या. वेण्या, अंबाडे, टोप्या, माना. चालकाकडे माझे लक्ष गेले नाही. जायला हवे होते.

"पाह्यलं का, साहेब?" गजानन हळू म्हणाला.

"दरीकडं पाहत असतीन. गाडी चालव."

"दरी तं दोन्हीकडं हाय जी."

गजाननने आरशात पाहिले आणि लगेच ब्रेक मारला. "साहेब, काकाले काहीतरी होऊन राह्यलं."

दिनकर दारावर कलंडला होता. थंडीचे दिवस, तरी सदरा भिजलेला, ओठ थरथरत होते. मी नाव घेऊन हाक मारली. त्याने अर्धवट काहीतरी म्हटले, शब्द लागले नाहीत. त्याला मधुमेह आहे. दोन्ही दर्शने होईपर्यंत अन्न घ्यायचे नाही, ही रीत. त्याने सकाळी गोळी घेतली होती आणि उपासही धरला होता. ती गोळी घेऊन उपाशी राहायचे नसते, हे डॉक्टरांनी त्याला बजावले होते. परंतु गोळी डॉक्टरची आणि उपास देवीचा, कोणाचाच अवमान नको, असा त्याचा हिशेब. हे मला नंतर कळले. त्या क्षणी एवढेच कळले की त्याच्या पोटात गोड काही गेले नाही तर तो या रस्त्यावर संपेल.

गाडीत खाण्याचे काही नव्हते. थोरलीचा प्रसाद तिथेच वाटून संपवायचा असतो. फोनला रेंज नव्हती. धाकटीसाठीचा नारळ होता.

"साहेब, तो देवीचा हाय..."

"पान्याच्या दांड्यानं फोड."

त्याने फोडला. आत पाण्याचा थेंब नव्हता. खोबरे काळे पडले होते.

मी खाली उतरलो. रस्त्याच्या कडेला पुन्हा शेत होते, पुन्हा बायका होत्या. कठड्याशी उभे राहून मी ओरडलो, "बाई, साखर हाय का? गूळ, च्या, काहीबी! मानूस मरून राह्यला इथं!" अंतर फार नव्हते. शेंगा तुटण्याचा आवाज मला ऐकू येत होता, म्हणजे माझा आवाज त्यांना ऐकू जाणे भाग होते. एकीनेही मान वळवली नाही. पुन्हा हाक मारली. हात जरा भराभर चालू लागले, एवढाच फरक पडला. नोकरीत लोकांचा राग मी पुष्कळ पाहिला आहे. जमीन जाणारे लोक मोजणीच्या दिवशी असे उभे राहतात. पण त्यांच्यातलाही कोणीतरी निदान शिवी देतो.

"चाल, धाकटीवर दुकानं हायेत," मी गजाननला म्हणालो.

पुढच्याच वळणावर रस्ता शेळ्यांनी भरलेला होता. सगळ्या आमच्याकडे शेपटी करून उभ्या. मधोमध शेळ्या राखणारा, आमच्याकडे पाठ. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, डोक्याला मळकट रुमाल, गाठ मागे. गजाननने हॉर्न दिला. एकही शेळी हलली नाही. त्याने हॉर्नवर हात दाबून धरला. शेळ्या दचकतात, निदान कान हलवतात. या हलल्या नाहीत.

मी उतरून कळपाच्या कडेने चालत गेलो. "बाबा, बाजूले व्हा. गाडीत पेशंट हाय."

उत्तर नाही.

मी त्याला वळसा घातला आणि समोर जाऊन उभा राहिलो. समोर पाठ होती. रुमालाची गाठ होती.

तो माझ्याबरोबर फिरला असेल, असे मला वाटले. म्हणून मी त्याच्या पायांकडे नजर ठेवून पुन्हा वळसा घातला. पाय जागचे हलले नाहीत. धुळीत ओरखडा उमटला नाही. मी जिथून पाहिले, तिथून टाचा माझ्याकडे होत्या.

मी गाडीकडे परतलो. धावलो, असे गजानन सांगतो. मला आठवत नाही.

गजानन स्टेअरिंग धरून बसला होता. त्याने काय पाहिले हे मी विचारले नाही. त्याच्या चेहऱ्यावर ते होते. मागून आवाज आला. दिनकरचे डोळे मिटलेले होते, पण शब्द स्पष्ट होते, आणि ते गजाननसाठी नव्हते.

"दादा, गाडी फिरव. तोंड थोरलीकडं ठेव... अन् उलटी ने."

इतक्या वर्षांनी तो माझ्याशी बोलला, ते हे.

"भ्रमले काका," गजानन म्हणाला.

मी क्षणभर विचार केला. पटले म्हणून नव्हे. पुढे जाता येत नव्हते, मागे जाऊन पोचेपर्यंत तो राहिला नसता, आणि माझ्याजवळ सांगण्यासारखे दुसरे काही नव्हते. "फिरव," मी म्हणालो.

व्ह्यू पॉइंटसाठी रस्ता जरा रुंद केलेला होता. गजाननने तीन-चार हिसक्यांत गाडी फिरवली. आता समोर थोरली टेकडी होती आणि कळप पाठीमागे. त्याने रिव्हर्स टाकला, मान वळवून मागच्या काचेतून पाहू लागला. मी समोर पाहत राहिलो. माझे काम तेवढेच होते.

गळ्यातल्या घंटांचा आवाज आला. शेळ्या ओरडत दोन्ही बाजूंनी सरकू लागल्या. दारांना त्यांची अंगे घासत होती. मग माझ्या खिडकीच्या काचेवर काठीने टकटक झाली. मी वळून पाहिले. तोच रुमाल, तीच घोंगडी. चेहरा एका सामान्य म्हाताऱ्याचा. दोन दात पडलेले, तोंडात तंबाखू.

"काहून जी, फुडचे गेर खराब झाले काय? उलटी वरात घेऊन चालले!"

मी काच खाली केली. गजाननच म्हणाला, "बाबा, गूळ हाय का? पेशंटची साखर उतरली."

"हाय ना. मी तं कवाचा हात देऊन राह्यलो तुमाले, इतका मोठा हॉरन वाजवून राह्यले म्हनून. तं हे साहेब आले, मायाभवती दोन चकरा मारल्या, अन् पळाले!" त्याने कनवटीच्या फडक्यातून गुळाचा खडा काढला आणि हात खिडकीतून आत घातला. "घ्या, भाऊ."

दिनकरने डोळे उघडले, त्याच्याकडे पाहिले आणि तोंड घट्ट मिटून घेतले. म्हाताऱ्यापासून दूर सरकत तो पलीकडच्या दाराला जाऊन टेकला. शेवटी मी खडा घेतला, उतरून मागे बसलो, त्याचा जबडा धरला आणि गूळ गालात कोंबला. त्याने माझ्या बोटाला चावा घेतला. मी बोट काढले नाही. थोड्या वेळाने त्याने गिळले. आणखी थोड्या वेळाने म्हणाला, "सोड. दुखून राह्यलं." तेव्हा मी जबडा सोडला.

"लई हट्टी पेशंट हाय," म्हातारा म्हणाला.

धाकटीपर्यंत उरलेला सगळा रस्ता गजाननने रिव्हर्समध्येच काढला. मी त्याला तसे सांगितले नव्हते, आणि नको असेही म्हणालो नाही. वाटेत शेतातल्या बायका कमरेवर हात ठेवून आम्हाला पाहत होत्या, हसत होत्या. एक जण ओरडली, "आजोबा, तिकडचं तोंड इकडं करा नं!" मला इतके बरे वाटले की मी तिला उत्तर द्यायला विसरलो.

वर दुकानात दिनकरला साखरेचा चहा पाजला, नवा नारळ घेतला, वाहिला आणि खालच्या रस्त्याने उतरलो.

परतीच्या वाटेवर मी त्याला थेट विचारले, "त्याच्या हातचा गूळ काहून घेतला नाही?"



"तुले ते पाठमोरे दिसले ना?" तो म्हणाला. "गजाननलेबी?"

"हो."

"मले तोंडंच दिसली. शेतातल्या बायकाइची, बसमधल्याइची. सारे मायाकडंच पाहून राह्यले होते, दादा. डोये मोठे करून. तू त्या बुढ्याभवती फिरला, तवा तो तुया खांद्यावरून मलेच पाहत होता." आणि मग, "मले काहून? वरून तर तू आनलं."



साखर उतरली की माणसाला भास होतात, हे मी वाचले आहे. दिनकरपुरते ते मानता येईल. माझी साखर उतरली नव्हती, गजाननचीही नाही. माझ्या डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले आहेत आणि दृष्टी ठीक आहे. आम्ही दोघांनी पाठी पाहिल्या, त्याने चेहरे पाहिले, आणि शेळ्या राखणारा म्हातारा म्हणतो की तो हात देत होता. या तीन गोष्टी एकाच रस्त्यावर एकाच वेळी खऱ्या कशा, याची आखणी मला जमलेली नाही. कोणाला जमत असेल तर या सदरातून कळवावे. देवीचे नाव घेऊ नये. ते माझे उत्तर नाही. दुसरे उत्तरही माझ्याजवळ नाही.

कारंज्यात मेडिकलच्या दुकानासमोर गाडी थांबवून मी ग्लुकोमीटर आणि ग्लुकोजची पाकिटे घेतली. इंझोरीला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. दिनकरच्या ओसरीवर त्याला खुर्चीत बसवले. त्याच्या बायकोने पाणी आणले. त्या घरात मी पुष्कळ वर्षांनी पाणी प्यायलो. यंत्राची माहिती वाचली, पट्टी बसवली आणि हात पुढे केला. दिनकरने बोट दिले. टोचले तेव्हा तो "हळू बे" म्हणाला. आकडा ठीक होता. त्याच्या बायकोला तो दाखवला, उद्या सकाळी गोळी देण्याआधी पुन्हा पाहायला सांगितले, सुई कागदात गुंडाळून डब्यात टाकली आणि यंत्र त्यांच्या फळीवर ठेवले.