तोरिनोत आई एकटी फिरायची

तोरिनो सोडलं त्या सकाळी टॅक्सी दारात उभी, आणि आई म्हणाली, "एक फेरी मारून येते." बॅगा तशाच टाकून निघालीसुद्धा! त्या दिवशी आम्ही अमेरिकेला येणार होतो आणि ती पुण्याला परत जाणार होती.

तोरिनो म्हणजे इटलीतलं पिंपरी-चिंचवड, फक्त राजेरजवाड्यांनी बांधलेलं. मी तिथे गाड्यांच्या बॉडी डिझाइन करायचे. बाबा गेल्यावर आईला बोलावून घेतलं. तिथल्या मोठ्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी उंच कमानी, वर छप्पर. राजाला न भिजता नदीपर्यंत जाता यावं म्हणून बांधल्या म्हणे. चैन झाली आमच्या आईची. भाषेचा गंध नाही, पण बाई रोज संध्याकाळी बाहेर! आधी एकटी, मग कधीकधी शेजारची एक इटालियन आजी सोबत. ही मराठीत बोलायची, ती इटालियनमध्ये. मी हसले की आई म्हणायची, "गुडघे सगळ्यांचे सारखेच दुखतात गं." कॅफेत काउंटरशी उभं राहून दोघी दाट गरम चॉकलेट प्यायच्या. आईच्या मते ती नाचणीची पेज होती, नुसती महागातली.

मग गाड्यांचा धंदा आटला. एका जुन्या कारखान्याचा तर केव्हाच मॉल झाला होता. आमचा स्टुडिओही बंद पडला. मला इकडे डेट्रॉइटजवळ, नोव्हायला जॉब मिळाला. काही वर्षांनी इथली सिटिझन झाले तीसुद्धा खरं म्हणजे आईला कायमचं आणता यावं म्हणून. गेल्या वर्षी ती आली. मला कोण आनंद!

पहिल्याच आठवड्यात ती पायी निघाली. पुढच्या चौकात फूटपाथ संपला. ही आपली गवतातून चालतेय, आणि गाड्या थांबवून लोक विचारतायत, "आर यू ओके, मॅम?" शेवटी एका भल्या बाईने घरी आणून सोडलं. माझी लेक इरा म्हणाली, "आजी, जस्ट टेक्स्ट मी, आय विल ड्राइव्ह यू." आई फणकारली, "पाय मोकळे करायला ड्रायव्हर? मी काय मिनिस्टर आहे?"

हिवाळ्यात ती गप्प होत गेली. एक दिवस शांतपणे म्हणाली, "तुझ्याकडे मला काही कमी नाही. पण इथे मला कुणीतरी न्यावं लागतं आणि आणावं लागतं. हातपाय चालतायत तोवर मला जाऊ दे."

मी रडले, भांडले, डॉक्टरांची भीती घातली. ती बधली नाही. पुण्याचं तिकीट मीच काढलं, वन-वे. इथले सगळे म्हणतात, ग्रीन कार्ड सोडून कुणी जातं का यार? पुण्यातले म्हणतात, आईला एकटं ठेवलंस? दोघांचंही बरोबर आहे, आणि मला दोघांचाही राग येतो.

परवा फोनवर बोलता बोलता ती म्हणाली, "थांब जरा, रस्ता ओलांडतेय." मी थांबले. हॉर्न, रिक्षा, कुणीतरी ओरडलं, "काकू, सांभाळून!" आणि तिचं उत्तर, "दिसतंय रे मला!" इथे किचनमध्ये फोन कानाला लावून मी नुसती ऐकत राहिले. कितीतरी दिवसांनी वाटलं, आपण घरी आहोत.